पेल्यातला गाळ

मेहेंदळे साहेबांची अट एकच होती. सात वर्षांपूर्वी त्यांनी मला काम दिलं, तेव्हा पहिल्याच फोनवर ती सांगितली. "माझी पत्रं, तारखा, अहवाल तुम्ही कुठल्याही यंत्राकडून करून घ्या, कल्याणीबाई. माझी काही हरकत नाही. पण तलावावरच्या माणसाचा फोन आला, तर तो माणसानंच घ्यायचा."

मी म्हटलं, "मीच घेईन."

सात वर्षं मीच घेतले. आठव्या वर्षी मी ते वचन मोडलं, आणि मोडते आहे हे मनातल्या मनातसुद्धा कबूल केलं नाही.

मी सांगलीत घरी बसून तीन जणांची कामं सांभाळते. पाटी लावायची झाली तर 'व्हर्च्युअल असिस्टंट' अशी लावावी लागेल. श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, त्याचं मराठी करतो 'न दिसणारी कारकून'. मेहेंदळे साहेब पुण्यात राहतात. पाटबंधाऱ्यांच्या कामात उभा जन्म गेला आणि निवृत्तीनंतर सतरा लहान तलावांच्या देखरेखीचं काम त्यांनी अंगावर घेतलं. आम्ही प्रत्यक्ष भेटलो असू दोनदा. बाकी सगळा व्यवहार आवाजावर.

हे तलाव म्हणजे मातीचे बांध. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच. ते नितळ असलं तर भिण्याचं कारण नाही. पण तेच पाणी गढूळ होऊन बाहेर पडायला लागलं, तर ते एकटं येत नाही, बांधाच्या पोटातली माती घेऊन येतं. आत घूस बीळ करते तसं बीळ होत जातं, आणि वरून बांध शेवटपर्यंत धडधाकट दिसतो. प्रत्येक बांधाच्या पोटात आता मापकं बसवली आहेत. पाणी किती झिरपतंय ते घरबसल्या पडद्यावर दिसतं. "पण किती येतंय एवढंच मापक सांगतं," साहेब म्हणायचे. "कसं येतंय ते सांगायला तिथं डोळे असलेला माणूस लागतो." त्यासाठी त्यांनी मला चार ओळींचा एक कागद पाठवला होता: गढूळ पाणी आलं तर मला विचारत बसू नका. तलावाचं पाणी सोडायची चावी पूर्ण उघडायला लावा. खालची घरं रिकामी करा. मग मला कळवा.

त्या वर्षी वैशाखात श्रीरंगच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी बोलून गेले की, हा उठून घरी आला तर चातुर्मास मौन धरीन, सूर्योदयापासून नैवेद्य होईपर्यंत. तो आला. आषाढी एकादशीपासून मी मौन धरलं.

साहेबांना हे सांगणं अगदी सोपं होतं. सकाळी नऊपर्यंत मी बोलत नाही, तेवढ्यापुरती दुसरी सोय करू या, बस्स. पण सगळा जन्म नळ्या आणि मापकांत काढलेला माणूस. बाई व्रतापायी फोन घेत नाही, हे त्याला कसं वाटेल? मला लाज वाटली. आणि त्याच सुमाराला प्रतिवाणी स्वस्त झाली होती.

प्रतिवाणी म्हणजे आपल्या आवाजाची नक्कल, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ती नक्कल फार जुनी झाली. या नव्या यंत्राला तुमच्या चाळीस तासांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती द्यायच्या. ते आधी आवाज उचलतं, मग लकब उचलतं, आणि मग एक वेगळी गोष्ट शिकतं: समोरच्यानं अमुक म्हटल्यावर तुम्ही तमुक म्हणता. चाळीस तासांनंतर त्याचा अंदाज इतका पक्का होतो, की तुमच्याऐवजी तेच पुढचं वाक्य बोलतं, आणि तुम्हालाही वाटतं, हो, मी हेच म्हटलं असतं. स्वतःचाच आवाज स्वतःच्या कामाला लावला तर 'हे यंत्र आहे' असं सांगण्याची कायद्यानं सक्ती नव्हती. मी त्या फटीतून शिरले. आवाज माझाच, बोलणं माझंच, मग फोन मीच घेतला म्हणायला काय हरकत आहे, अशी मी माझी समजूत घातली.

दीड महिना सगळं सुरळीत चाललं. नैवेद्य दाखवून झाला की सकाळच्या फोनांचा गोषवारा मी स्वयंपाकघरातल्या पडद्यावर वाचायची. श्रीरंग त्या यंत्राला माझी सवत म्हणायचा.

त्या मंगळवारी मी पोथी घेऊन बसले होते. सव्वाआठ वाजून गेले असतील. आतून श्रीरंगचा आवाज आला.

"अगं, तुझी सवत आज साडेसहालाच कामाला लागली. ऐक. 'आंबेघोळ तलाव, चौकीदार संपत खिलारे. पायथ्याला गढूळ पाणी येत असल्याचे कळवले. साहेबांना सांगितले असल्याचे त्यांना सांगितले. समाधान झाले.'" तो हसला. "समाधान झाले म्हणे! बावीस वर्षांत माझ्याबद्दल कधी असं लिहिलं नाहीस."

मी पोथी मिटली. मध्येच मिटायची नसते, तरी मिटली.

पडद्यावर मी आधी गेलेले निरोप बघितले. साहेबांना एकही गेला नव्हता. जाणारही कसा? यंत्राला बोलायची परवानगी होती, निरोप पाठवायची मी दिलीच नव्हती. आणि साहेब? त्या दिवशी आठ वाजता त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. फोन बंद. बारापर्यंत लागणार नव्हता, हे मीच त्यांच्या दिनक्रमात लिहिलं होतं.

मी साडेसहाचं संभाषण लावलं.

"ताई, संपत बोलतोय. पायथ्याला पानी तांबूस यायलंय बगा. काल नितळ हुतं."

"हो का संपतभाऊ? बरं झालं लगेच कळवलंत." माझा आवाज. झोपेतून नुकतं उठलेल्या बाळाशी बोलावं तसा. "साहेबांच्या कानावर घातलंय मी. ते बघतायत. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

"कवा घातलं? मी तर आत्ताच सांगतोय की."

"घातलंय हो. निवांत राहा. चहा झाला का?"

मागे पाऊस वाजत होता. मग तो म्हणाला, "बरं. तुमी म्हनताय तर थांबतो."

श्रीरंगचं हसू मावळलं होतं. "गढूळ म्हणजे वाईट ना?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "खाली घरं आहेत?" मी एका हाताची पाच बोटं दाखवली, मग दुसऱ्या हाताची, मग आणखी एक.

आंबेघोळच्या बांधाखाली खिलाऱ्यांची अकरा घरं आहेत.

मौन न मोडता बोलायची एक वाट होती. प्रतिवाणीला टंकून दिलं की ती माझ्या आवाजात बोलते. मी संपतला फोन लावला आणि झरझर टंकलं: चावी पूर्ण उघडा. वस्ती आत्ताच्या आत्ता रिकामी करा. बांध फुटू शकतो.

तिकडे त्याला काय ऐकू गेलं ते पडद्यावर उमटत होतं.

"संपतभाऊ, एक सांगू का? जमलं तर चावी उघडून बघाल का जरा? आणि वस्तीतल्या लोकांना थोडं वरच्या अंगाला बसवलंत तर बरं होईल. घाबरण्यासारखं काही नाही हं."

मी पुन्हा टंकलं. ठळक अक्षरांत टंकलं. ते पुन्हा मऊ होऊन गेलं. कल्याणी मुतालिक कुणावर ओरडत नाही, हे त्या यंत्राला चाळीस तासांत पक्कं कळलं होतं. मी कितीही दगड टाकले तरी पलीकडे कापूसच पडत होता.

"थोडं म्हंजे किती वर?" संपत विचारत होता. "आन चावी जरा म्हंजे किती आटे? ताई, नीट सांगा की."

मी यंत्राची वाहिनी तोडली आणि तोंडानं बोलले.

"संपतभाऊ, मी कल्याणी. चावी पूर्ण उघडा. माणसं बाहेर काढा. बांध आतून पोखरला जातोय."

उठल्यापासून शब्द उच्चारला नव्हता. घसा बसलेला होता, आवाज घोगरा निघाला.

"कोन बोलतंय?"

"मी. कल्याणी."

"मग आत्ता बोलत हुत्या त्या कोन?"

"ते यंत्र होतं. माझ्या आवाजाचं."

"आन सकाळी?"

"तेही यंत्रच होतं."

"म्हंजे सायबास्नी सांगितलंच न्हाई?"

"नाही. सांगितलेलं नाही."

मला वाटलं, आता शिव्या घालेल. त्यानं घातल्या नाहीत. तो सावध झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

"ताई, का जी कोन असाल ती. गेल्या साली पलीकडच्या तलावावर आसाच फोन आलता. हुबेहूब सायबांचा आवाज. चावी सोडा म्हनला. चौकीदारानं सोडली. दोन दिवसांत तलाव रिकामा, खालचा ऊस हिरवागार. फोन कुनाचा ते आजून ठावं न्हाई, पन चौकीदार घरी बसला. त्येच्यानंतर आमाला लिहून द्याया लावलंय. आवाजावर चावी फिरवायची न्हाई. आन तुमी तर मला दोन आवाज ऐकवलं. एक गोड, एक घोगरा. सकाळी गोडीनं 'थांबा', आत्ता घोगऱ्यानं 'पळा'. ह्यातली खरी कंची?"

"घोगरी खरी."

"आसं कुनीबी म्हनंल."

खरंच कुणीही म्हटलं असतं.

"बरं, मग सांगा," तो म्हणाला, "माझ्या धाकटीचं नाव काय?"

"शर्वरी. दहावीला आहे. गणिताला घाबरते."

मी सुटकेचा श्वास टाकायच्या आतच त्याचा पुढचा प्रश्न आला. "हे त्या यंत्रालाबी ठावं आसंल का?"

श्रीरंग माझ्या शेजारी उभा होता. त्यानं दोन्ही हात जोरानं हलवले. ओठ हलवून, आवाज न करता तो सांगत होता: नाही म्हण. नाही म्हण.

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हटलं असतं तर त्यानं चावी फिरवली असती. अकरा घरं. तिथं कोण कोण झोपलेलं असेल, कुणाला चालता येत नसेल, मला माहीत नव्हतं. चांगल्यासाठीच तर होतं. पण सकाळी साडेसहाला जे बोललं गेलं तेही चांगल्यासाठीच होतं. त्याला धीर यावा म्हणून.

"त्यालाही ठाऊक आहे," मी म्हटलं. "तुम्ही माझ्याशी जे जे बोललात ते सगळं त्याला ठाऊक आहे."

श्रीरंगनं कपाळावर हात मारून घेतला.

"मग झालंच की," संपत म्हणाला. "आता म्या काय करावं?"

"मी मीच आहे हे मला फोनवरून सिद्ध करता येणार नाही, संपतभाऊ. म्हणून मला सोडा. तुमच्याकडे काचेचा पेला आहे का?"

"चहाचा गिलास हाय."

"तो घेऊन पायथ्याला जा. पाझराचं पाणी भरून घ्या आणि सपाट दगडावर ठेवा. हलवू नका. दोनशेपर्यंत आकडे मोजा आणि बूड बघा. नुसताच रंग असेल आणि बुडाशी काही नसेल, तर मला खोटी समजा आणि फोन ठेवा. बुडाशी माती बसली तर ती बांधाच्या पोटातली आहे. मग माझ्यावर नको, त्या पेल्यावर विश्वास ठेवा."

"आन तवर येळ गेला तर?"

"जाईल. पण तुम्ही माझं ऐकत नाही तोवर तो तसाही जातोच आहे."

तो हसला की खोकला, कळलं नाही. चपला चिखलात रुतून निघत असल्याचा आवाज आला. तो उतरत होता. मग पाण्याचा आवाज. मग काच दगडावर टेकल्याचा.

तो मोटारीत भरायची पोती मोजतात तसा मोठ्यानं मोजत होता. मीही मोजत होते, ओठांत. माझी मोजणी त्याच्या पुढे पळत होती. सत्तरच्या आसपास श्रीरंग खुर्चीवर बसला. त्याचा हात छातीवर होता. मी डोळ्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली, काही नाही. तो हात तिथे सवयीनं गेलेला होता की दुखत होतं, हे मला त्या दोनशे आकड्यांत कळलं नाही. मौन ज्याच्यासाठी धरलं होतं तो समोर बसला होता, आणि मी ते मोडून बसले होते.

एकशे पन्नासला संपत मोजायचा थांबला.

"ताई."

"बोला."

"बुडाला बसलीया. बोटाचं अर्धं पेर. आजून बसाय लागलीया." त्याचा आवाज बदलला होता. "आन पाझर एवढा नव्हता सकाळी. हाताएवढा झालाय."

"चावी."

"चावी फिरवतो. पन आधी मानसं." आणि फोन तोंडापासून दूर नेऊन त्यानं जी हाळी दिली, ती माझ्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर वाजली.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. तालुक्याच्या आपत्ती कक्षाला मी तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा ओरडले. साहेबांच्या दवाखान्यात निरोप ठेवला. दहाच्या सुमाराला गाड्या पोचल्या. वस्ती शाळेच्या माळावर गेली होती. पावणेबारा वाजता बांधाचा खालचा उतार खचला आणि तिथून पाणी सुटलं. चावी तीन तास उघडी होती, तलाव तेवढा उतरला होता, म्हणून ते कंबरभर आलं. डोक्यावरून गेलं नाही. त्या पाण्यात एकही माणूस नव्हता.

नैवेद्य मी दुपारी दाखवला. श्रीरंग दारात उभा राहून बघत होता.

"मौन मोडलं म्हणून रडतेस?"

"ते होतं कुठे?" मी म्हटलं. "दीड महिना रोज सकाळी माझा आवाज गावभर बोलत होता. मी नुसती ओठ मिटून बसले होते."

"मला काही होणार नाही."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत," तो म्हणाला. "पण छाती दुखत नव्हती मघाशी. हात आपला गेला. सवय झालीय. तरी त्याला 'नाही' म्हणायला हवं होतंस तू. मी घाबरलो होतो."

"मीसुद्धा."

संध्याकाळी मी प्रतिवाणीच्या कंपनीला सगळा प्रकार लिहून कळवला आणि माझ्या जुन्या फोनांची आणि निरोपांची नोंद सोबत जोडली. यंत्र बिघडलं, खोटं बोललं, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या एका तंत्रज्ञ मुलीचा फोन आला. मराठी बोलणारी, नागपूरकडची वाटली. फार नम्र होती.

"मॅडम, यंत्रात बिघाड नाहीये," ती म्हणाली. "मी तुमचे चाळीस तास यंत्राकडून पुन्हा तपासून घेतले ना, निरोपांच्या नोंदीशी ताडून. 'सांगितलंय', 'कानावर घातलंय', 'कळवलंय', अशी वाक्यं एकशे बारा वेळा आहेत. त्यातल्या एकशे एक वेळा तुम्ही तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांनी तुम्ही निरोप पाठवलेला दिसतो."

"पण मी पाठवत होते!"

"हो मॅडम, प्रत्येक वेळी. पण यंत्राला फक्त बोलणं दिलेलं होतं. त्यानं हे ओळखलं, की हे वाक्य बातमी म्हणून येत नाही, धीर द्यायला येतं. समोरचा घाबरला की तुम्ही ते म्हणता. तो घाबरला, त्यानं म्हटलं. ते बरोबर शिकलंय, मॅडम."

त्या दहा मिनिटांचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता. आमच्याकडे असंच बोलतात. पाहुणा दारात असताना 'चहा ठेवलाय' म्हणतात आणि मग ठेवतात. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मी रोज खोटं न बोलण्याचा नेम पाळणारी बाई. त्या एकशे एक वेळा माझा नेम मोडत होता आणि मला पत्ता नव्हता. मी प्रत्येक वेळी मागाहून धावत जाऊन ते खरं करून घेत होते. यंत्रानं वाक्य घेतलं, धावणं घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेहेंदळे साहेब पडद्यावर आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी काही लपवलं नाही. मौन सांगितलं, लाज सांगितली, एकशे बारा आणि एकशे एक सांगितलं.

"मौनाचं मला सांगायचं होतंत," शेवटी ते म्हणाले. "माझी आई सोमवारी बोलायची नाही. पाटीवर लिहायची. मी काय तुम्हाला हसलो असतो?"

"मला वाटलं, हसाल."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत. आणि मी सात वर्षं तुमच्यावर." ते रागानं बोलत नव्हते. थकले होते. "तुमचा आवाज कानावर पडला की मी समजायचो, काम झालं. आता पडला की मी उठून बघणार, झालं का खरंच. ते काही एका दिवसात जाणार नाही, कल्याणीबाई."

"बघा. प्रत्येक वेळी बघा."

"तुम्हाला काढून टाकलं असतं. पण त्यात तुमचीच सोय आहे. सुटाल तुम्ही." त्यांनी पट्टीखाली बोट घालून खाजवलं, मग डॉक्टरांची आठवण होऊन काढलं. "आंबेघोळला पंचनामा व्हायचाय. घराघराची नोंद हवी. तुम्ही जा. फोनवरून नाही. जाऊन, समोर बसून लिहून आणा."

माझ्या दुसऱ्या दोन अशिलांनाही मी त्याच दिवशी सगळं लिहून पाठवलं. एकानं आभार मानून काम काढून घेतलं. दुसऱ्याचं उत्तर यायचं होतं.

शाळेच्या दोन वर्गांत आणि ओसरीवर सगळी वस्ती होती. संपत खिलारे मला वाटला होता त्यापेक्षा खूप लहान निघाला, पस्तिशीचा असेल. त्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि आत हाक दिली, "आक्का, त्या आल्यात. फोनवाल्या."

त्याची चुलती बाहेर आली. सत्तरीची बाई, पदर कमरेला खोचलेला. मी वाकले तर पाय मागे घेतले तिनं.

"बोल जरा," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी. ऐकू दे."

"आक्का, माझ्यामुळे तुम्हाला वेळेवर कळलं नाही. सकाळी साडेसहाला कळायला हवं होतं. माझी चूक आहे."

तिनं मान कलती करून ऐकलं, गाणं ऐकावं तसं.

"आवाज गोड हाय तुजा," ती म्हणाली. "त्येच्यावरच थांबलो आमी. संपत म्हनला, बाई एवढ्या गोडीनं सांगतीया, थांबूया. दोन तास मिळालं आसतं तर दान्याच्या कणग्या निघाल्या आसत्या. शेळ्या निघाल्या आसत्या."

संपत पावसाकडे बघत होता.

मी खाली बसले, कागद काढला. छापील नमुना होता, त्यावर हातानं लिहायचं ठरवून आले होते. आक्का माझ्यासमोर फतकल मारून बसली. एकेकाचं सांगू लागली, मी लिहू लागले. घर, माणसं, गोठा, काय वाहून गेलं, काय भिजलं. तिच्या घराशी आलो.

"मागची भिंत," ती म्हणाली आणि हातानं खूण केली.

मी लिहिलं. बाजूच्या बायका कुजबुजल्या. पुढचं विचारायला मी मान वर केली, तर तिनं कागदावर बोट ठेवलं.

"वाचून दाखीव आदी. काय लिवलंस?"

"पार्वती ज्ञानू खिलारे. मागची भिंत पडली."

"पडली न्हाई ती."

"आक्का!" बाजूची एक तरणी बाई खालच्या आवाजात म्हणाली. "आसू द्या की. आज न्हाई तर उद्या पडंलच. पडली म्हटल्यावर सरकार नवी तरी देईल."

"उद्या पडंल तवा उद्या लिवंल," आक्का तिच्याकडे न बघता म्हणाली. तिची नजर माझ्या पेनाच्या टोकावर होती. "कललीया. पाक कललीया. पन हुबी हाय आजून. तसंच लिव."

मी 'पडली' खोडलं. वर 'कलली आहे' असं लिहिलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

"आता म्होरं," ती म्हणाली.